मधात यायचं नाय

खरातांच्या फाटकाला लाल फडकं अडकवलेलं असलं, की समजायचं, खरात आत काहीतरी करत आहेत. काय करत आहेत याला महत्त्व नाही. लसूण सोलत असतील, नखं कापत असतील, विजेचं बिल वाचत असतील. फडकं आहे तोवर घंटी वाजवायची नाही. वाजवली तरी दार उघडत नाही. प्रत्यक्ष कलेक्टर आले तरी त्यांना आमच्या कॉलनीच्या धुळीत उभं राहावं लागेल, आणि लसूण संपल्यावर खरात बाहेर येऊन मोठ्या अदबीनं विचारतील, "बोला साहेब. लई वेळ झाला का येऊन?"

मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा फडकं होतं. मी नुकताच जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो होतो. सारी नोकरी लोकांना बाहेर बसवण्यात गेलेली. आपल्यालाही कोणी बाहेर उभं करू शकतं हा अनुभव माझ्यासाठी नवीन होता. खिडकीतून डोकावलो, तर खरात शर्टाला बटण लावत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसले आणि पुन्हा बटणात बुडाले. शेवटी दोरा दातानं तोडून बाहेर आले, फडकं काढून घडी घातली आणि म्हणाले, "मधात यायचं नाय, काळेसाहेब. मधात कोणी आलं की बटण काजासमोर बसत नाय."

ही हकिकत मी पुढे कुठे कुठे सांगितली याला सुमार नाही. लग्नाच्या पंगतीत सांगितली, सकाळच्या फिरण्यात सांगितली, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड बधिर झालेलं असताना सांगितली. "झेंडेवाले खरात" हे नाव ठेवलं तेही मीच. संध्याकाळी तेच खरात नवा शर्ट घालून आमच्या घरी आले, सकाळी दारात उभं केलं म्हणून माफी मागून गेले, आणि लग्नात वाढायला उभे राहिले, हे मात्र मी कधी सांगितलं नाही. त्यानं गोष्टीची मजा जाते.

आता सांगायला बसलोच आहे, तर सगळं नीट सांगतो. आमच्या कॉलनीत पाण्याचा जो गोंधळ झाला, तुपेकाकूंच्या वर्षभराच्या कुरडया वाहून गेल्या आणि आठवडाभर कोणाच्या घरात आंघोळीला पाणी नव्हतं, तो खरातांमुळे झाला असं कॉलनी आजही मानते. तो माझ्यामुळे झाला. कसा झाला ते समजायला आधी खरात समजायला हवेत.

खरात अजिंठ्याकडचे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात यंत्रांनी कधी काय करायचं याचे प्रोग्राम लिहिण्यात त्यांची नोकरी गेली. त्यांच्या घरात वस्तू कमी आणि वायरी जास्त. बायको गेल्याला बरीच वर्षं झाली. मुलगी हैदराबादला असते. फोनवर बोलतानाही फाटकाला फडकं असतं, आणि फोन संपला तरी बऱ्याचदा ते बराच वेळ तिथंच राहतं.

माझं त्यांच्याकडे जाणं सुरू झालं ते आमच्या हिच्यामुळे. निवृत्तीनंतर मी घरात डब्यांची झाकणं तपासत हिंडायचो. एके दिवशी ही म्हणाली, "अहो, तुम्ही पायात येता. मांजर बरं." मग मी कॉम्प्युटर शिकायचं ठरवलं. खास त्यासाठी वेगळा चष्मा केला. खरातांनी रोज संध्याकाळी यायला सांगितलं. मी गेलो की ते फडकं अडकवायचे, म्हणजे आमच्या मधात कोणी यायचं नाही, आणि मला जवळ बसवून पडद्यावर बटणं असलेल्या छोट्या छोट्या खिडक्या कशा बनवायच्या ते शिकवायचे. एका बटणावर टिचकी मारली की "नमस्कार काळेसाहेब" असं उमटायचं. मला जिल्हा परिषदेतही इतका मान कधी मिळाला नव्हता. पंधरवड्यात मी एका साखरपुड्यात स्वतःची ओळख "मी प्रोग्रामिंगमध्ये असतो" अशी करून दिली.

टायमर मात्र काही केल्या डोक्यात शिरत नव्हता. टायमर म्हणजे आपण ठरवू तितक्या वेळानं आपोआप होणारं काम. मी खिडकीत घड्याळ घातलं, दर सेकंदाला काटा पुढे. खरातांनी ते पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"हे बघा, काळेसाहेब. ह्या प्रोग्रामात आत एकच माणूस आहे. तुम्हाला वाटतं घड्याळ चालवणारा वेगळा अन् बटणाचं काम करणारा वेगळा. नाय. एकच गडी. टायमर म्हणजे त्याच्या टेबलावरची घंटी. वाजली की तो हातातलं तसंच टाकून उठणार, घंटीचं काम उरकणार, परत येऊन जिथं होता तिथून पुढं सुरू करणार."

"मग बिघडलं कुठं?"

"तो उठला तवा टेबलावर तुपेंचा कागद होता. घंटीच्या कामानं तो सरकवून तिथं काळेंचा ठेवला. गडी परत आला अन् खाली न बघता सही ठोकून मोकळा. अर्धं काम तुपेंचं, अर्धं तुमचं. अन् तक्रार कोणाकडंच नाय, कारण त्याच्या हिशेबानं त्यानं सगळं केलं."

"असं आमच्या ऑफिसात व्हायचं," मी म्हणालो.

"म्हणून तर तुम्हाला लवकर कळायला पाहिजे."

उपाय त्यांनी सांगितला तो सोपा होता. काम सुरू करताना पहिल्या ओळीत टायमर बंद करायचा, शेवटच्या ओळीत पुन्हा चालू करायचा. किंवा झेंडा लावायचा: काम चालू आहे अशी खूण. घंटी वाजली, खूण दिसली, की आल्या पावली परत. "पण एक ध्यानात ठेवा," ते म्हणाले. "मधात कोण येऊन गेलं ते विसरायचं नाय. हात मोकळा झाला की आधी त्याचं बघायचं. माणसाला थांबवणं वेगळं अन् टाळणं वेगळं."

मग त्यांनी मला काम अर्ध्यात सोडून निघायच्या वाटाही दाखवल्या. काम बिनसलं म्हणून मधूनच बाहेर पडलात तर जाता जाता झेंडा उतरवा, नाहीतर तो तसाच राहतो आणि टायमर जन्मभर दारातून परत जातो. हे ते अनुभवानं सांगत होते. एकदा फडकं लावून ते कपाट आवरत होते, मधेच पाठ धरली म्हणून मागच्या दारानं औषध आणायला गेले, आले आणि पडून राहिले. फडकं फाटकावरच. दुधवाला परत गेला, पेपरवाला परत गेला, मी परत गेलो. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच आमच्याकडे आले आणि ओशाळून म्हणाले, "कॉलनीत काही झालं का? कोणीच आलं नाय." मी ही गोष्टही पंगतीत सांगायचो. लोक फार हसायचे.

आता पाणी. आमच्या शहरात नळाला पाणी येणं हा सण असतो. आठवड्यातून एखाद्या दिवशी येतं, ते कॉलनीच्या मोठ्या हौदात साठतं आणि मग पंपानं पाळीपाळीनं एकेका घराच्या गच्चीवरच्या टाकीत चढवतात. कोणाला किती मिळालं यावरून पूर्वी भांडणं व्हायची, बोलणी बंद व्हायची. खरातांनी प्रत्येक घराच्या पाइपाला विजेवर उघडमीट करणारा व्हॉल्व्ह बसवला, पंपाच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर ठेवला आणि प्रोग्राम लिहिला. तुपेंचा व्हॉल्व्ह उघड, पंप चालव, वेळ झाली की तुपेंचा बंद कर, पुढचं घर घे. तेव्हापासून भांडण नाही. पाण्याच्या दिवशी खरात तिथं स्टूल टाकून बसत आणि ज्याची टाकी भरली त्याच्या दारावर जाऊन स्वतः सांगत, "झालं तुमचं."

त्या प्रोग्रामात मला एकच खटकायचं. करड्या रंगाची मरतुकडी खिडकी, आणि घराचं पाणी चालू असलं की त्यातलं घड्याळ थांबायचं. पाळी संपली की एकदम उडी मारून पुढे जायचं. मी सोसायटीचा सचिव. पाहुण्यांना पंपाची खोली दाखवताना मला लाज वाटायची.

"खरात, घड्याळ थांबतं हो."

"कामात आहे तो. मान वर करत नाय."

"बघणाऱ्याला वाटतं बंद पडलंय."

"बघणाऱ्यासाठी नाय, पाण्यासाठी आहे."

मला ते लागलं. चष्मा नवीन होता, अंगात विद्या होती. मी घरी बसून दुसरा प्रोग्राम लिहिला. निळी खिडकी, वर सरकत जाणारं कॉलनीचं नाव, खाली "संकल्पना: काळे". आणि घड्याळ असं, की काहीही चालू असो, थांबणार नाही. टायमर बंद करायची ओळ मी घातलीच नाही. उलट कोणाची पाळी चालू आहे तो घर क्रमांकही घड्याळाच्याच टायमरनं बदलेल अशी सोय केली. एका दगडात दोन पक्षी मारल्याचा मला आनंद झाला. खरातांना न सांगता, पाण्याच्या आदल्या दिवशी, मी तो पंपाच्या कॉम्प्युटरवर चढवला. त्यांना थक्क करायचं होतं.

भर एप्रिल. तुपेकाकूंनी गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया घातलेल्या. पाणी सुरू झालं. प्रोग्रामनं तुपेंचा व्हॉल्व्ह उघडला. पाणी चढू लागलं. वेळ भरत आली आणि नेमका त्या क्षणी माझा टायमर आत शिरला, त्यानं तुपेंचा क्रमांक काढून पुढच्या घराचा ठेवला आणि निघून गेला. गडी परत आला आणि त्यानं पुढच्या घराचा व्हॉल्व्ह, जो मुळात बंदच होता, तो बंद केला. तुपेंचा उघडाच. त्यांचं घर पंपाला सर्वांत जवळ. मग पाळी कोणाचीही असो, पाणी हौदातून निघायचं आणि जवळची वाट धरून तुपेंच्या गच्चीवर जायचं.

खरात त्या सकाळी मुलीला आणायला स्टेशनवर गेले होते. ती वर्षा-दोन वर्षांतून एकदा यायची. स्टुलावर मी बसलो होतो, आणि खोटं कशाला सांगू, मी घड्याळाकडे बघत होतो. ते शेवटपर्यंत एका सेकंदानंही चुकलं नाही.

आरडाओरड ऐकून बाहेर आलो तेव्हा तुपेंच्या पन्हाळीतून पाण्याबरोबर कुरडया रस्त्यावर येत होत्या. तुपेकाकू गॅलरीतून ओरडत होत्या, "अगं बाई, माझ्या कुरडया! धरा कोणी तरी!" कोणीतरी धरल्याही. ओल्या कुरडईचं काय होतं ते ज्यानं धरली त्याला कळलं. हौद रिकामा. आमच्या हिनं दोन बादल्या पुढे करून विचारलं, "आता?"

त्याच वेळी रिक्षातून खरात उतरले. मागं मुलगी, हातात बॅग. अध्यक्ष तुपेअण्णा लुंगी वर धरून गुडघाभर रागात उभे. "खरात! हे तुमचं यंत्र! हे तुमचं डोकं!"

खरात सरळ पंपाच्या खोलीत गेले. मी मागोमाग. त्यांनी पंप बंद केला, निळी खिडकी पाहिली, सरकणारं नाव वाचलं, "संकल्पना: काळे" हेही वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं. पण त्यातून काही निघायच्या आत त्यांनी ती खिडकी बंद केली, बाहेर जाऊन उभे राहिले आणि मुलीच्या देखत सगळ्यांना म्हणाले, "व्हय अण्णा. माझं चुकलं."

मी तोंड मिटलं. माझ्या वयात ते किती सहज मिटतं याचं मलाच नवल वाटलं.

त्या संध्याकाळी सभा झाली. कॉम्प्युटर काढायचा, व्हॉल्व्ह हातानं फिरवायला माणूस ठेवायचा, खरातांनी पंपाच्या खोलीत जायचं नाही. सचिव म्हणून ठराव मीच वाचून दाखवला, शुद्ध उच्चारात. मुलगी चार दिवस राहणार होती, दुसऱ्याच दिवशी गेली. आंघोळीला पाणी नव्हतं, हे कारण पुरेसं होतं.

मी खरातांकडे जाणं बंद केलं. रस्त्यात दिसले तर मोबाइल कानाला लावायचो. "मग काय, झेंडेवाल्यानं बुडवलं की कॉलनीला," असं कोणी म्हटलं की हसायचो, आणि हसणं कमी पडतंय असं वाटलं तर बटणाची गोष्ट सांगायचो. घरी हिनं एकदा विचारलं, "कॉम्प्युटर शिकून झाला का?" मी म्हटलं, "झाला." ती माझ्याकडे नको इतका वेळ बघत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात तुपेकाकूंनी पुन्हा चीक शिजवला. त्यांच्या फाटकाबाहेर बायका जमलेल्या. खरात भाजी घेऊन चालले होते. काकू मोठ्यानं म्हणाल्या, "खरातभाऊ, आज गच्चीवर वाळवण आहे बरं का. मेहेरबानी करा, पाणी सोडू नका!" सगळ्या हसल्या. खरातही हसले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "नाय वहिनी, आता माझ्या हातात काही नाय." मी पलीकडच्या कट्ट्यावर होतो. या वेळी मला हसू आलं नाही.

त्या महिन्याच्या सभेत मी उभा राहिलो. "अध्यक्ष महाराज," मी म्हणालो, "गेल्या वर्षीच्या पाण्याबद्दल मला एक खुलासा करायचा आहे. त्या दिवशी जो प्रोग्राम चालू होता, तो..."

"अण्णा, लाइटबिलाचं आधी घ्या," मागून आवाज आला.

सगळे वळले. आवाज खरातांचा होता. हा माणूस सभेत बोलायचं असलं तर हात वर करून बसतो, समोरच्याचं वाक्य संपल्यावरही थोडा वेळ जाऊ देतो, कदाचित अजून असेल म्हणून. त्यानं माझं वाक्य मधात तोडलं होतं. तुपेअण्णांना इतका धक्का बसला की त्यांनी खरोखरच लाइटबिल घेतलं. मग गेटच्या दिव्याचं घेतलं. मग चहा आला. मी पुन्हा उभा राहिलो, तर खरातांनी माझ्या हातात कप दिला.

सभेनंतर मी सरळ त्यांच्या मागं त्यांच्या घरी गेलो.

"मला बोलू का दिलं नाही?"

"काय उपयोग? कुरडया थोड्याच परत येणार आहेत."

"तुमचं नाव खराब झालं. मुलीसमोर झालं."

"तिला मी दुसऱ्या दिवशी स्टेशनवर खरं सांगितलं. ती चिडली. तुमच्यावर नाय, माझ्यावर." त्यांनी माझ्यासाठी खुर्चीवरच्या वायरी उचलल्या. त्या कुठं ठेवाव्यात हे न सुचून हातातच धरून उभे राहिले.

"मग त्या दिवशी अंगावर का घेतलं?"

ते हातातल्या वायरींचा गुंता सोडवू लागले. मला वाटलं, विषय टाळतात.

"तुमचा स्वभाव मला माहीत आहे, काळेसाहेब," शेवटी ते म्हणाले. "चारचौघांत तुमचं नाव निघालं असतं, तर तुम्ही त्या कॉम्प्युटरला पुन्हा हात लावला नसता. शरमेनं घरात बसले असते. मग रोज संध्याकाळी माझ्याकडं यायला तुम्हाला कारण काय राहिलं असतं?" त्यांनी वायरी टेबलावर ठेवल्या, सारख्या केल्या. "माझं नाव गेलं तर काय जातं, मी म्हटलं. येणारा माणूस तरी येत राहील."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बसता आलं असतं. वर्षभर मी ज्या रस्त्यानं कानाला मोबाइल लावून गेलो, तो त्यांच्या खिडकीतून दिसतो, हे मला त्या खोलीत उभं राहिल्यावर प्रथमच दिसलं.

म्हणून हे लिहितो आहे. सभेत त्यांनी मला अडवलं. कागदावर कोणी अडवत नाही. तुपेकाकू, कुरडया मी बुडवल्या. अण्णा, ठराव चुकीच्या माणसाविरुद्ध झाला, आणि तो मी चांगल्या आवाजात वाचला. हे छापून आल्यावर खरात माझ्यावर रागावतील. रागावू देत.

त्या संध्याकाळी मात्र ते रागावले नाहीत. कॉम्प्युटर चालू केला, दुसरी खुर्ची शेजारी ओढली आणि माझा तो निळा प्रोग्राम समोर उघडला. त्यांनी तो जपून ठेवला होता. "चला," ते म्हणाले. "सांगा बरं, टायमर बंद करायची ओळ कुठं घालायची?"

मला येत होतं. वर्षभर दुसरं काही डोक्यात नव्हतंच. कामाच्या अगदी पहिल्या ओळीवर, हे मी झोपेतही सांगितलं असतं.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणालो, "नाही हो, विसरलो. पहिल्यापासून सांगावं लागेल. चार-सहा महिने तरी लागतील मला."

"लागू द्या," खरात म्हणाले, आणि खुर्ची आणखी थोडी जवळ घेतली.